एका तुळईखालची दोन घरं

कुणाच्याही घरात शिरला की डांबरकाका आधी माणसांकडे पाहत नसे, लाकडाकडे पाही. घरधनी बिचारा ‘या, बसा’ म्हणत हात पुढे करायचा आणि हा त्याच्या खांद्यावरून चौकटीच्या कोपऱ्यावर डोळे लावून उभा. लोक याला शिष्टपणा म्हणत. शिष्टपणा नव्हता, आणि निव्वळ लाकडाचं वेडही नव्हतं. माणसाच्या तोंडाकडे पाहिलं की माणूस बोलतो, आणि बोलला की उत्तर द्यावं लागतं. लाकडाला तेवढी घाई नसते.

नाव त्याला होतं, पण ते कधीच मागे पडलं होतं. अंगाला डांबराचा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचा वास कायमचा बसलेला, म्हणून कुण्या पोरानं डांबरकाका म्हटलं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांनीही तेच उचललं.

धंदा बापाकडून आला होता. सुतार लाकूड घडवतो आणि घडवून निघून जातो. मागे ते लाकूड ऊन, ओल, बुरशी, भुंगा आणि वाळवी यांच्या तावडीत सापडतं. त्याच्या पुढच्या आयुष्याची काळजी वाहणारा हा माणूस. जमिनीत पुरायच्या खांबांना बुडाशी गरम डांबर पाजायचं, खिडक्यांना तेल चोळायचं. नव्या दाराला रंग फासायला निघालेल्याला हात जोडून थांबवायचं, कारण ओलं लाकूड वरून बंद केलं की आतून कुजतं. आणि वाळवी लागलीच, तर गिरमिटानं तिरकी भोकं पाडून आत टाकणखाराचं कढत पाणी सोडायचं, वरून लाकडाची खुंटी मारायची. बापाची सगळी शिकवण एका दमात सांगण्यासारखी होती : आधी ठोक, मग टोच, मग औषध. त्यातलं ठोकणं सगळ्यात वरचं. लहान हातोडीनं हलकेच मारायचं आणि कान द्यायचा. भरलेलं लाकूड खणकन उत्तर देतं, पोखरलेलं बद्द वाजतं.

इथंच तर सगळी गोम होती. डांबरकाकाला ऐकू येत नव्हतं.

एकदम गेलं नाही ते. आधी पाखरं गेली. मग तेल तापताना करतं ती कुरकुर गेली. मग पाठीमागची माणसं गेली, आणि शेवटी समोरचीही फक्त ओठ हलवू लागली. त्यानं कुणाला सांगितलं नाही. ठोकून पाहणाऱ्याला कान नाहीत म्हटल्यावर त्याला घरात कोण घेईल? तो ओठ वाचायला शिकला. लाकूड तो आता डोळ्यांनी, टोच्यानं आणि बोटांनी ओळखी. भिंतीवरून चढणारी मातीची बारीक रेघ, चौकटीच्या पायाशी पडलेला पिठासारखा भुगा, टोचा आत जाताना हाताला लागणारी पोकळी, यावरून त्याचा निकाल सहसा चुकत नसे. तरी हातोडी मारून, मान कलती करून, डोळे मिटून तो ऐकल्यासारखं करी. कामात लबाडी नव्हती. लबाडी तेवढी त्या कलत्या मानेत होती.

फक्त सुताराशी त्याची पंचाईत व्हायची. सुतार त्याचा जुना सोबती, पण सुताराची मिशी खालच्या ओठापर्यंत लोंबायची आणि त्या रानातून एक शब्द धड बाहेर यायचा नाही. त्यामुळे डांबरकाका सुताराच्या सगळ्या बोलण्याला हो म्हणे आणि त्याचे खांदे हलले की हसे. एकदा सुतार पाठ धरली म्हणून कण्हत होता आणि हा खदखदून हसला. सुतार आठवडाभर बोलला नाही. त्या आठवड्यात डांबरकाकाला केवढा आराम मिळाला.

लग्न त्याचं झालं नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली. बघायला आलेली माणसं दारातच नाकाला पदर लावून चहा न घेता उठली. थोरला भाऊ चेष्टेनं म्हणायचा, “याला बायको नको, वाळवीच बरी. ती निदान घर सोडून जात नाही.” हा थोरला, म्हणजे दादा, शिंपी होता. बाप गेल्यावर दोघा भावांनी बापाच्या घराच्या मधोमध भिंत घातली. भिंत भांडणाची नव्हती, वासाची होती. नव्यानं घरात आलेल्या वहिनीला डांबराच्या वासानं मळमळायचं. दादानं विटा लावल्या, यानं उचलून दिल्या. वरची तुळई मात्र अखंडच राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, दोन्ही घरांच्या डोक्यावर. सुतारानं बजावलं होतं की ही कापली तर दोन घरं होणार नाहीत, आहे तेही जाईल. म्हणून खाली दोन घरं आणि वर एक, असं ते झालं.

वेगळं फक्त झोपणं होतं. जेवण एकच. स्वयंपाक झाला की वहिनी पळीनं भिंतीवर ठोकायची आणि भावजी हातपाय धुऊन पलीकडे हजर. कान गेले तरी हा नेम चुकला नाही, कारण त्यानं त्यालाही तोड काढली होती. त्याच्या उंबऱ्यावर ऊन आलं की पलीकडे ताट वाढायची वेळ होई. ढग असले तर तो खिडकीतून वहिनीचं धुराडं पाहत बसे आणि धूर विरळ झाला की उठे. भिंतीला कान असतात म्हणतात. याच्या भिंतीला असतील, याला नव्हते, आणि ते ना भिंतीला ठाऊक होतं ना वहिनीला.

एका दुपारी, जेवणं उरकून बराच वेळ झाल्यावर, दादाच्या छातीत कळ आली. वहिनीनं पळीनं भिंतीवर मारलं, मग खलातल्या बत्त्यानं मारलं. पलीकडून कुणी येईना. ती अंगणातून वळसा घालून भावजींच्या दारात आली. डांबरकाका दाराकडे पाठ करून बसला होता आणि चहाच्या कपावर फुंकर घालत होता. तिनं हाक मारली. त्यानं फुंकर घातली. दुसरी हाक मारायला ती थांबली नाही, शेजाऱ्याला डॉक्टरकडे धाडून दादापाशी परत गेली. डॉक्टर येईपर्यंत दादा गेला होता. डॉक्टर म्हणाले की लवकर आलो असतो तरी हातात काही नव्हतं. ते खरंच असेल. पण उपयोग झाला नसता ही एक गोष्ट आणि भाऊ आला नाही ही दुसरी.

अंगणात माणसं जमलेली खिडकीतून दिसली तेव्हा डांबरकाकाला कळलं. तो धावत आत गेला. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनं वर पाहिलं आणि इतकंच विचारलं, “माझी हाक कानावर आली होती ना?”

ओठ त्याला स्वच्छ वाचता आले. भोवती माणसं उभी होती. त्यातल्या प्रत्येकाच्या घरचे वासे त्यानं ठोकून पाहिले होते, मान कलती करून. नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. त्यानं मान खाली घातली.

त्या दिवसापासून भिंतीवर पळी वाजली नाही. वाजली नाही हे त्याला ऐकून कळणार नव्हतंच, पण तो उंबऱ्यावर ऊन आलं की उठून अंगणात जाई, वहिनीचं दार बंद पाही आणि परत येई. मग त्यानं उठणंही सोडलं. एकाच भांड्यात काहीतरी शिजवायचं, भांड्यातूनच खायचं, भांडं पालथं घालायचं. वर्षं अशी गेली. दिवसभर तो परक्यांच्या घरात शिडीवर असे आणि संध्याकाळी आपल्या घरात एखाद्या ठेवून दिलेल्या वस्तूसारखा. घरात आवाज नव्हता असं म्हणता येत नाही, आवाज असतील. त्याच्यापर्यंत कुणी पोचत नव्हतं एवढंच.

जगाची लाकडं राखणाऱ्यानं आपल्या घराकडे पाहायचं राहून गेलं. एका सकाळी त्याला भिंतीवरून तुळईकडे चढलेली मातीची रेघ दिसली, ओली आणि ताजी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. त्यानं शिडी लावली. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्यानं शिडी धरलेली, म्हणून कुंचला दातांत धरला. वर चढताना कुंचल्याच्या दांड्याचं टोक तुळईला टेकलं.

आणि त्याला ऐकू आलं.

टिक् टिक् टिक्. मग शांतता. मग पुन्हा टिक् टिक्. त्यानं डबा खाली सोडायचा तेवढा बाकी ठेवला. हा आवाज त्याला ठाऊक होता. बापानं लहानपणी कान लावून ऐकवला होता. वाळवीला धक्का लागला की तिचे शिपाई लाकडावर डोकी आपटून आतल्यांना सावध करतात. शिडीच्या धक्क्यानं ते जागे झाले होते आणि त्यांचा तो इशारा लाकडातून दांड्यात, दांड्यातून दातांत, दातांतून थेट डोक्याच्या आत उतरत होता. कान वाटेत लागतच नव्हते.

रीतीप्रमाणे त्यानं तेव्हाच गिरमिट काढायला हवं होतं. तो खाली उतरला, बसला आणि बराच वेळ तुळईकडे पाहत राहिला. मग जुन्या कुंचल्याचे केस कापून त्यानं नुसता दांडा करून घेतला, दातांना बोचू नये म्हणून एका टोकाला चिंधी बांधली आणि पुन्हा वर चढला.

पुढं तो नेमच झाला. कामावरून आला की चहा करायचा, शिडीवर बसायचं, तुळईला बोटानं एक टिचकी मारायची आणि दांडा दातांत धरायचा. आतून उत्तर यायचं. कुणीतरी घरात होतं. ज्या जातीला त्यानं उभ्या आयुष्यात दया दाखवली नव्हती, तिच्या टकटकीसाठी तो आता पायऱ्या चढत होता. उद्या औषध घालू, असं तो रोज म्हणायचा. वैद्यानं आपलाच ताप लपवावा तसं ते होतं, आणि त्याची लाज त्याला होती. पण एकट्या माणसाची लाज फार दिवस जागी राहत नाही. तिला जागं ठेवायला दुसरं माणूस लागतं.

मग एका संध्याकाळी त्यानं टिचकी मारली आणि उत्तर उशिरानं, लांबून आलं. भिंतीच्या बाजूनं. त्यानं टोचा घेतला आणि त्याच्या बाजूचं लाकूड टोचून पाहिलं. भिंतीपाशी टोचा अर्धा आत गेला. वाळवी पुढं सरकली होती. पलीकडे त्याच तुळईखाली वहिनीची चूल होती, आणि बाजूला तिची खाट.

त्या रात्री त्यानं दांडा हातात घेतला नाही.

तुळईला आपल्याच बाजूनं औषध घालून भागत नाही. अर्ध्या तुळईला पाजलं तर वाळवी मरत नाही, उरलेल्या अर्ध्यात जाते. म्हणजे वहिनीच्या घरात शिरायला हवं होतं. त्यानं सुताराला मध्ये घातलं. सुतार जाऊन आला आणि मिशीआडून काहीतरी म्हणाला. डांबरकाकानं पहिल्यांदाच हो म्हटलं नाही. पुन्हा सांग म्हणाला. सुतारानं वैतागून मिशी वर सारली आणि एकेक शब्द तोडून सांगितलं, “वहिनी म्हणाल्या, माणसाची हाक ऐकू येत नाही, किडीची बरी ऐकू येते. उद्या सकाळी या म्हणावं.”

डांबरकाका त्यावर हसला. या खेपेला तरी हसायची जागा चुकली नव्हती, पण सुताराला ते कळलं नाही.

सकाळी वहिनीनं दार उघडलं आणि बाजूला झाली. केस सगळे पांढरे झाले होते. त्यानं सवयीनं माणसाकडे न पाहता आधी लाकूड पाहायचं ठरवलं, तर नजर भिंतीवर पडली. चुलीशेजारी, हात पोचतो त्या उंचीवर, गिलावा फुटून आतल्या विटा दिसत होत्या. पळीच्या चिरा बारीक होत्या आणि बत्त्याचे खळगे खोल. तिनं त्यातलं काहीच बुजवलं नव्हतं. पलीकडून, त्याच्या बाजूनं, तीच भिंत इतकी वर्षं गुळगुळीत होती.

तो शिडी चढला. दांडा दातांत धरून तुळईवर ठिकठिकाणी टेकवत त्यानं वाळवी कुठवर आली ते ऐकलं आणि खडूनं खुणा केल्या. मग गिरमिट चालू केलं. खाली वहिनी भाजी चिरत होती. पाठ तिच्याकडे, तोंड तुळईकडे. त्याच्या लेखी घरात दुसरं कुणी नव्हतं. काही भोकं पाडून झाल्यावर त्यानं पुन्हा दांडा टेकवला, आणि एकाएकी डोक्यात वीज पडल्यासारखा दणका बसला. त्याच्या हातातून खुंट्या सांडल्या. दांडा तुळईला तसाच टेकलेला ठेवून त्यानं खाली पाहिलं.

वहिनी तुळईखालच्या खांबाला धरून उभी होती, हातात पळी. रागानं मारली होती, चेहऱ्यावर तो राग होता, पण आता त्याच्या जागी दुसरंच काहीतरी येत होतं. ती एकदा त्याच्या तोंडातल्या दांड्याकडे पाहत होती, एकदा खांबाकडे. हळूच तिनं पळी पुन्हा खांबावर मारली. तो दचकला. मग ती पायानं पाट सरकवून तोंडासमोर येऊन उभी राहिली.

“भावजी, मघापासून मी काय बोलतेय?”

त्यानं दांडा काढला. हो म्हणून हलायची जुनी सवय मानेपर्यंत आली आणि तिथं थांबली.

“नाही ऐकलं.”

“आणि हे?” तिनं पळी दाखवली.

“ते दातांतून आलं.”

वहिनी खाली बसली. तोही शिडीवरून उतरला, कारण ती बसल्यावर वरून ओठ दिसत नव्हते. कधीपासून, असं तिनं विचारलं. दादा होता तेव्हापासून, त्याच्याही आधीपासून, असं तो म्हणाला. तिला ते पटेना. पळी वाजली की दारात उभे राहायचात की, ती म्हणाली. मग त्यानं उंबऱ्यावरच्या उन्हाचं सांगितलं आणि धुराड्याचं सांगितलं. ती ऐकत राहिली.

“एकदा मी वाजवायलाच विसरले होते,” ती म्हणाली. “तरी आलात. मी ह्यांना म्हटलं, भावजींच्या पोटाला कान आहेत.”

हसू तिच्या ओठांपर्यंत आलं आणि मागं फिरलं.

“सांगायला काय झालं होतं?”

“कान नाहीत म्हटल्यावर कोण कामाला बोलावणार, वहिनी.”

“मी काय तुमचं गिऱ्हाईक होते?”

वहिनी चिरलेल्या भाजीकडे पाहत काहीतरी बोलली. मग लक्षात येऊन तिनं मान वर केली आणि तेच पुन्हा, सावकाश म्हणाली. “ते दाराकडे बघत होते. धाकटा येतोय म्हणत होते. मी तुम्हाला चहा पिताना बघून आले होते, आणि त्यांना सांगितलं, भावजी बाहेर गेलेत. म्हटलं, जाताना तरी त्यांच्या मनात तुमच्याविषयी वाईट नको.”

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. इथं माणसं फिरली होती आणि वासे जागच्या जागी होते. डांबरकाका उठला, सांडलेल्या खुंट्या एकेक करून वेचल्या आणि शिडी चढला. उरलेली भोकं पाडली, कढत औषध सोडलं, खुंट्या मारल्या. एकही भोक वाकडं गेलं नाही. तेवढंच त्याला येत होतं. जाताना वहिनी दारात उभी राहून म्हणाली, “आता मी भिंतीवर ठोकणार नाही.” त्यानं ओठ वाचले आणि मान हलवली. ते त्याला रास्तच वाटलं.

त्यानं आपल्या बाजूचीही तुळई पाजली, पोकळ झालेल्या जागी सुताराकडून नवा ठोकळा बसवून घेतला. काही दिवसांनी, पाहून यायची रीत म्हणून, दांडा टेकवून टिचकी मारली. उत्तर आलं नाही. पुन्हा मारली. तुळई वाचली होती. वाळवीसाठी हळहळ वाटावी अशी ती जात नव्हे, आणि त्याला वाटलीही नाही. पण चहा त्यानं खाली बसून प्यायला आणि तो लवकर संपला.

शिडी मात्र काढवेना. रिकाम्या वेळी तो वर बसे, दांडा दातांत धरून, लाकडात काहीच नाही हे ऐकत. मग हळूहळू कळू लागलं की काहीच नाही असं नव्हतं. वाळवीच्या टकटकीखाली झाकलेलं बरंच काही आता पोचत होतं. पलीकडे खलबत्ता चालला की तुळईत बारीक घाव उतरत. खाट ओढली की लांब घरघर येई. वहिनी कधी उठते, कधी कामाला लागते, दुपारी किती वेळ काहीच करत नाही, हे सगळं त्याला कळू लागलं. दुपारचा तो काहीच नसलेला वेळ फार लांब होता. आपल्याइतकाच लांब, हे त्याच्या लक्षात आलं.

एक दिवस तो शिडीवर असताना खांबावर ठोका आला. एकच. पळीला चिकटलेलं झाडायला मारली असेल, तो मनाशी म्हणाला, आणि दुसऱ्या ठोक्याची वाट पाहत बसला. दुसरा आला नाही. उंबऱ्यावर ऊन आलं होतं. तो उतरला. साबणानं हात धुतले, वास गेला नाही, पुन्हा धुतले, तरी गेला नाही. मग तसाच अंगणातून वळसा घालून गेला.

वहिनीचं दार उघडं होतं. ती चुलीपाशी उभी होती, त्याच्याकडे पाठ करून. खाली एकच ताट मांडलेलं होतं. तो उंबऱ्याबाहेर थांबला. परत फिरावं तर पाय निघेनात आणि आत जावं तर बोलावलं होतं की नाही ते कळेना. तिनं मागं वळून पाहिलं, उगीच क्षणभर. मग पुन्हा पाठ केली, हात वर नेऊन फळीवरून दुसरं ताट काढलं, पदरानं पुसलं आणि पहिल्याशेजारी ठेवलं.

ताट पुसताना ती काहीतरी बोलत होती, हे तिच्या खांद्यांवरून त्याला दिसत होतं. काय ते त्याला कळलं नाही. दादाची जागा सोडून, दाराजवळ, तो खाली बसला.